भाऊ समोरच्या खुर्चीत बसला तेव्हा

माझ्याकडे येणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलतोच. "मॅडम, बस आप बता दीजिए, क्या करूँ." मराठी असला तर, "ताई, तुमीच सांगा आता." आणि मी सांगत नाही. न सांगणं हाच माझा धंदा आहे. तात्यापाऱ्यात, ह्या हिंदी मुलखातल्या शहराच्या जुन्या मराठी वस्तीत, एका सायकलच्या दुकानावर माझी खोली आहे. दोन खुर्च्या, एक पंखा, पाण्याचा जग, आणि खालून दिवसभर हवा भरायच्या पंपाची फुसफुस. लोक जिना चढून धापा टाकत येतात, आपलं सगळं गाठोडं माझ्यापुढे टाकतात, आणि ही बाई शांतपणे विचारते, "आपको क्या लगता है?" काही जण दुसऱ्यांदा येतच नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

ह्या पद्धतीला अस्तित्ववादी मानसोपचार म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट तशी साधी आहे. माणसाला चार गोष्टी चुकत नाहीत, असं ती मानते. मरण येणार. निवड आपली आपल्यालाच करावी लागणार, आणि तिचं ओझंही आपल्याच डोक्यावर. भोवती कितीही गर्दी असो, आतून आपण एकटे. आणि जगण्याचा अर्थ कुठे तयार मिळत नाही, तो ज्याचा त्यानं घडवायचा. ह्या चारही गोष्टींची भीती वाटणं म्हणजे आजार नव्हे. ती भीती गोळी देऊन झोपवायची नाही, तिला समोर बसवायचं आणि नीट बघायचं. मी चाळिशी उलटल्यावर हे शिकले. त्याआधी शाळेत समुपदेशक होते, म्हणजे पोरांना "मन लावून अभ्यास कर" सांगायचा पगार घेत होते.

आमच्यात काही कामं ठरलेली असतात. एक म्हणजे "काहून", म्हणजे "का", विचारायचं नाही. काहून म्हटलं की माणूस कारणं जुळवायला लागतो. "कसं" विचारायचं. सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या वसाहतीतून एक बाई यायच्या. दुपारी पाळी सुटायचा भोंगा वाजला की त्यांची छाती धडधडायची. त्यांना वाटायचं, नवऱ्याला भट्टीवर काही होईल म्हणून ही धडधड. मी म्हटलं, धडधड कशी आहे तेवढंच सांगा. तीन महिने सांगत होत्या. आणि एका दिवशी सांगता सांगता थांबल्या. म्हणाल्या, "ये नहीं रहेंगे तो मैं कौन हूँ, मुझे पता ही नहीं." पुढे काय करायचं ते त्यांनीच ठरवलं. मी नुसती समोर बसले होते.

कधी कधी मी कागदावर एक रेघ काढून देते. ह्या टोकाला जन्म, त्या टोकाला मरण. आज तुम्ही कुठे आहात तिथे फुली मारा. एक रिटायर्ड मास्तर पेन हातात घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पेन्सिल नहीं है क्या?" मी हसले, तेही हसले, आणि मग त्यांनी पेननंच फुली मारली.

आणि सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे आपले समज बाजूला काढून ठेवणं. समोरच्याची गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक आहे असं धरून चालायचं नाही. चपला जशा दाराबाहेर काढतो, तसं. कोर्समध्ये मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मोठी हुशार विद्यार्थिनी! परक्या माणसांसमोर मी ते पाळलंही. नाही पाळलं ते एकदाच, आणि ज्याच्यासमोर पाळायला हवं होतं त्याच्याचसमोर.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. आमचे बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आले, रेल्वेच्या रुळांवर गिट्टी टाकण्यापासून सुरुवात करून पक्के झाले. आमच्या खानदानात महिन्याचा पगार बघणारे ते पहिले. नोकरीत असतानाच ते गेले. मी एकवीसची, भाऊ एकोणीसचा. मग अनुकंपेवर भावाला नोकरी लागली. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला जागा मिळते, ती ही. त्यावर घर चाललं, माझं एमए झालं, माझं लग्न झालं, आईचं म्हातारपण सुखात गेलं. "माझ्या भावानं घर सांभाळलं," हे मी कुठेही, कोणालाही, डोळ्यांत पाणी आणून सांगत असे. ऐकणारे म्हणत, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान डोलवायची.

तो माझ्या खोलीवर कधी आला नव्हता. आठ वर्षांत एकदाही नाही. मग एका हिवाळ्यात, शनिवारी, त्याचा फोन आला. "ताई, उद्या दुपारी येतो. घरी नको, तुह्या त्या दुकानात." माझ्या खोलीला तो दुकानच म्हणायचा.

रविवारी खालचं दुकान बंद असतं. तो जिन्यावरून हळूच आला, चपला बाहेर काढल्या, आणि सरळ समोरच्या खुर्चीत बसला. गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर. साहेबापुढे बसतो तसा.

"पाणी देऊ?" मी म्हटलं.

"नको. तुह्या लोकाईले जसं विचारतं ना, तसंच विचार मले."

मला हसू आलं. तो हसला नाही.

मग त्यानं सांगितलं. नोकरी सोडायचं मनात आहे. इतकी वर्षं झाली म्हणजे पेन्शन मिळते, अर्ज केला की तीन महिन्यांत मोकळा. अभनपूरच्या पुढे दोन एकर जमीन ठेक्यानं मिळून राहिली आहे. विहीर आहे. तिथे जुन्या धानाचं बियाणं लावायचं, दुबराज, जवाफूल, असलं जे आता कोणी लावत नाही ते. हे बोलताना त्याचे हात गुडघ्यांवरून उठले आणि हवेत वाफे आखायला लागले. एक्कावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा बारावीतल्या पोट्ट्यासारखा.

"बायको काय म्हणते?"

"येडे झाले का म्हणते. पोट्टा म्हणते, पापा, अभी नौ साल बाकी हैं." हात पुन्हा गुडघ्यांवर गेले. "मंग म्हणलं, तुलेच विचारतो. सांग ताई. सोडू का?"

आता कोणतीही बहीण काय करेल? एक तर म्हणेल, सोड बाप्पा, झालं तितकं पुरे. नाही तर म्हणेल, गप बस, पोट्ट्याचं लग्न व्हायचं आहे. दोन्ही चाललं असतं. मी पाठ सरळ केली आणि माझ्या त्या खोलीतल्या आवाजात म्हटलं, "हे मी नाही सांगू शकत, भाऊ. निवड तुही आहे. तुले काय वाटते?"

तो पंख्याकडे बघत बसला. "मले काय वाटते... मले वाटून कधी काय झालं? बाबा गेले, नोकरी घरात आली, घ्यावीच लागली. माह्याजवळ दुसरा रस्ता होता का?"

हे वाक्य मी शंभर तोंडांतून ऐकलेलं. रस्ताच नव्हता, इलाज नव्हता, नशिबात होतं. आमच्या पद्धतीत ह्यालाच म्हणतात स्वतःला फसवणं; माणूस निवड करतो आणि मग ती केलीच नाही असं सांगत फिरतो. आयतं सापडलं. मांजर उंदरावर पडते तशी मी पडले त्याच्यावर.

"रस्ता होता भाऊ. नेहमी असते. तुले कोणी हात धरून नेलं नव्हतं. तू हव म्हणलं, तू निवडलं. इलाज नव्हता म्हणतो तं आपण आपल्यालेच फसवून राहिलो. ते एकदा कबूल कर. मंग आजचं बी तुले मोकळ्या मनानं ठरवता येईल."

एकेक शब्द पुस्तकातल्यासारखा बरोबर. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली, खोटं का बोलू.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. खूप वेळ. अशा वेळी गप्प राहायचं असतं, मध्ये बोलून समोरच्याची शांतता मोडायची नसते, म्हणून मी गप्प राहिले. मला वाटलं तो आत उतरून विचार करतोय. तो मला वेळ देत होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"हव ताई," तो शेवटी म्हणाला. "मीच निवडलं."

उठला, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली, दारात चपला घालताना म्हणाला, "चांगलं काम करून राहिली तू," आणि गेला. मी खिडकीतून त्याला स्कूटर काढताना पाहिलं. मला त्याच्याबद्दल फार समाधान वाटलं.

तीन महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन. दुसऱ्याच कशासाठी होता, पण जाता जाता म्हणाली, "ताई, तुमचे उपकार झाले बाई. तुमच्याकडून आले तवापासून त्याईनं शेतीचं नाव नाही काढलं. भूत उतरवलं तुमी!" मी हो हो म्हणून फोन ठेवला. पण मी कोणाचं भूत उतरवायला बसले नव्हते.

आम्हा लोकांना आपलं काम कोणा मोठ्या जाणकारासमोर मांडावं लागतं. माझ्या बाई सत्तरीच्या, नागपूरला असतात, महिन्यातून एकदा मोबाईलच्या पडद्यावर भेटतो. भावाशी असं बसायचंच नसतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या फोननंतरही दोन महिने मी त्यांच्यापासून लपवलं. मग सांगितलं. ओरडतील म्हणून तयारीत होते. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "एक विचारू? भावानं ती निवड केली तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"आई होती."

"अजून?"

"भाऊ."

"अजून?"

"अहो, मी होते ना!" मी चिडून म्हटलं.

"हां. तुम्ही काय करत होता?"



मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. मी ते तीस वर्षं बाजूला ठेवलं होतं, सणासुदीला लागणारं मोठं भांडं माळ्यावर ठेवतात तसं. आहे हे माहीत असतं, पण काढत कोणी नाही.

बाबांचं पुण्यानुमोदन, आमच्या बौद्धांतला गेलेल्या माणसासाठीचा विधी, होऊन आठवडा झाला होता. रेल्वेच्या वेलफेअर खात्याचे साहेब क्वार्टरवर आले, कागद काढले आणि विचारलं, "किसके नाम से भरें?" आई लगेच म्हणाली, "पोट्टी बीए झाली, तिलेच लावा. पोट्ट्याले शिकू द्या." बरोबरच होतं तिचं. भावाला नुकताच कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. अभनपूरच्या बाजारातून तो तऱ्हेतऱ्हेचे धान मुठी मुठीनं आणायचा आणि आईच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ओळीनं लावायचा. मोठी मी होते, शिकलेली मी होते, नोकरी माझीच होती. आणि मला एमए करायचं होतं, मानसशास्त्रात. माणसाचं मन समजून घ्यायचं होतं मला!

मी जेवण सोडलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नोकरी कोणीच घेतली नाही, असं आमच्या घरात होणं शक्यच नव्हतं. ज्या नोकरीसाठी बाबांनी हाडं झिजवली, ती अशी सोडून द्यायची म्हणजे काय? मी नाही तर तो, हे मला पुरतं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी भाऊ मागच्या अंगणात वांग्यांना पाणी घालत होता. मी जाऊन त्याच्यापुढे रडले. म्हटलं, "मी त्या दफ्तरात मरून जाईन रे. तू घे ना."

तो एवढंच म्हणाला, "अन् माहं?"

"तुहं पुढच्या वर्षी पाहू," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी! काय पण सहज सुटलं ते तोंडातून. दुसऱ्या दिवशी तो साहेबांना म्हणाला, "सर, मैं करूँगा." मग बाकीच्यांची हरकत नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागतं, ते मी लिहून दिलं. बिना किसी दबाव के, पूरे होश में, मुझे कोई आपत्ति नहीं. खाली माझी सही. घरी येऊन मी वरणभात पोटभर जेवले. पुढच्या वर्षी कोणी काही पाहिलं नाही. त्याच्या त्या बाटल्यांत आईनं पुढे तिखट-मीठ भरलं.

आता पुस्तक म्हणेल, तरीही निवड त्याचीच. हो, त्याचीच. मी ते आजही मानते. तो नाही म्हणू शकला असता. पण ज्या पोरीनं त्याला ढकललं, तीच तीस वर्षांनी खुर्चीत ताठ बसून त्याला सांगत होती की तुला कोणी ढकललं नाही. लाज वाटायला हवी होती मला. आणि तो "हव ताई" म्हणाला. मला कबूल करायला लावण्याऐवजी त्यानं स्वतः कबूल केलं. बाईंसमोर मी हमसून हमसून रडले. त्या मध्ये काही बोलल्या नाहीत, आणि आपली ही पद्धत किती क्रूर होऊ शकते ते मला तेव्हा कळलं.

मग तरी धावत जावं ना? नाही गेले. आज त्याची ड्युटी, उद्या माझी माणसं, पाऊस, दिवाळी, कोणाचं तरी लग्न. लोकांना मी विचारते, टाळताय ते कसं टाळताय, जरा सांगा. माझं मला सगळं कळत होतं आणि तरी मी टाळत होते. पुढचा उन्हाळा लागला तेव्हा गेले.

तो क्वार्टरच्या व्हरांड्यात कूलर उघडून बसला होता. जुनी खस काढून नवी भरत होता. बायको बाजारात गेली होती. मी स्टूल ओढून बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "भाऊ, मी तुले खोटं सांगितलं. तू काही आपल्या मनानं घेतली नव्हती ती नोकरी. मी रडली होती, मी तुले घ्याले लावलं होतं."

त्याचे हात थांबले नाहीत. "मले माहीत आहे ना. मी थोडीच भुललो."

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलला?"

"तू काम करून राहिली होती," तो म्हणाला. अगदी साधेपणानं. टोमणा असता तर मला सोसला असता.

मग त्यानं खसेची जाळी उभी केली, तारेनं बांधली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी काही विचाराले नव्हतो आलो ताई. सोडाचं तं मी ठरवूनच आलो होतो. बायको हव म्हणणार नव्हती, पोट्टा म्हणणार नव्हता. मले वाटलं, मांगं तू बस म्हणलं तं बसलो, आता तूच एक बार म्हणशील, ऊठ. तितकंच ऐकाचं होतं."

 खोलीत कमावलेली ती शांतता, तो आवाज, काही कामाला आलं नाही. मी त्याचा खसेनं भरलेला हात धरला. "आता म्हणते ना. ऊठ. सोड ती नोकरी. बायकोले मी समजावते, पोट्ट्याले मी सांगते."

"ते दोन एकर गेले. प्लॉट पाडले तिथं."

"दुसरी जमीन पाहू. अभनपूरकडं काय कमी आहे का?"

"भेटन ना, जमीन तं भेटन," तो म्हणाला. हात सोडवून घेतला, हलकेच, मला लागू नये असा. "पण आता मनच नाही होत, ताई."